रेव्हरंड टिळकांचा सेतू

गेल्या वर्षी पदवीच्या वर्गात लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' शिकवीत असता एका विद्यार्थिनीने उभे राहून मला विचारले, "सर, सगळे धर्म शेवटी एकच सांगतात, असे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. ते खरे असेल तर रेव्हरंड टिळकांनी धर्म बदललाच कशासाठी? आणि बदलला तर लक्ष्मीबाईंनी एवढा आकांत का करावा?" अध्यापनात पंचवीस-तीस वर्षे काढल्यावर माणसाजवळ बहुतेक प्रश्नांची उत्तरे तयार असतात. या प्रश्नाचे नव्हते. तेवढ्यात तास संपल्याची घंटा झाली आणि मी सुटलो. प्रश्न मात्र सुटला नाही. पुढे दिवाळीच्या सुट्टीत 'अभंगांजली' व 'ख्रिस्तायन' कपाटातून पुन्हा काढून बसलो, त्याचे फळ म्हणजे हा लेख होय.

सर्वधर्मसाम्याचा जो पाठ आपल्या सभासमारंभांतून नेहमी दिला जातो, त्याचे स्वरूप वाचकांस परिचित आहेच. व्यासपीठावर समई तेवत असते. गीतेतील एक श्लोक, कुराणातील एक आयत, शुभवर्तमानातील एक वचन, धम्मपदातील एक गाथा, प्रत्येकास दोन-दोन मिनिटे. आणि नंतर अध्यक्षांचे भाषण, त्यास मात्र पाऊण तास. यामागील हेतू चांगला असतो, आणि माणसे धर्माच्या नावाने एकमेकांच्या उरावर बसू लागली म्हणजे एवढा हेतूही थोडका म्हणता येत नाही. तथापि तेथे कोणी कोणाचे ऐकत असतो असे मला कधी दिसले नाही. जो तो आपली पाळी येण्याची वाट पाहत असतो. वचने शेजारी शेजारी मांडली म्हणजे एका धर्मातील माणसास दुसऱ्या धर्मापासून वाट दिसली, असे होत नाही.

शेजारी मांडण्याची ही रीत आमच्या नाशिकास नवी नाही. पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याचे लेख आहेत. त्यांत त्याने ब्राह्मणांस तीन लक्ष गाई दिल्याचा आणि दरसाल एक लक्ष ब्राह्मणांस भोजन घातल्याचा उल्लेख आहे. त्याच गृहस्थाने ते लेणे मात्र बौद्ध भिक्षुसंघासाठी खोदविले, आणि भिक्षूंच्या चीवरांची सोय व्हावी म्हणून गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण व्याजी ठेविले. दोन हजार दरमहा शेकडा एक दराने आणि एक हजार शेकडा पाऊण दराने, इतका चोख हिशोब शिळेवर कोरलेला आहे. दातृत्व म्हणून हे थोरच. परंतु ब्राह्मणांपासून उषवदात काय शिकला आणि भिक्षूंपासून काय शिकला, हे त्या शिळेवर नाही. दोन्ही दारी दान घालणे ही सभ्यता झाली. मला शोधावयाचे आहे ते याहून निराळे आहे: एका परंपरेत वाढलेल्या माणसाला दुसऱ्या परंपरेने खरोखरच हाताला धरून नेले, असे कोठे घडले आहे काय, आणि घडले असल्यास ते कसे घडले?

नारायण वामन टिळक यांचे उदाहरण मला याकरिता महत्त्वाचे वाटते. त्यांचा जन्म १८६१ सालचा, कोकणातला. संस्कृताचे अध्ययन मात्र आमच्या नाशिकात, गणेशशास्त्री लेले यांच्यापाशी झाले. लक्ष्मीबाईंचे माहेर नाशिकजवळचे जलालपूर. त्या वेळचा कोणताही बुद्धिमान ब्राह्मण तरुण करी तेच टिळकांनी प्रथम केले. निरनिराळ्या धर्मांतील ग्राह्य अंश निवडून एका नव्या धर्माची तत्त्वे त्यांनी आपल्या मनाशी जुळविली. म्हणजे आज आपण व्यासपीठावर करतो ती बेरीज त्यांनी तरुणपणीच करून पाहिली होती. त्या बेरजेने त्यांची तहान भागली नाही, ही गोष्ट त्यांच्या चरित्राचा विचार करणाऱ्याने विसरता कामा नये. पुढे राजनांदगावाकडे जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांस 'नवा करार' दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने त्यांच्या मनाचा ठाव घेतला, आणि १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आपण ख्रिस्तापर्यंत आलो ते तुकोबांच्या सेतूवरून आलो, असे टिळक पुढे सांगत. हे त्यांचे म्हणणे इतक्या वेळा उद्धृत झाले आहे की त्याचा अर्थ पाहण्याची गरज कोणास वाटेनाशी झाली आहे. मिशनऱ्यांनी ते आनंदाने उचलले. त्यांच्या मते तुकाराम ही ख्रिस्ताची पूर्वतयारी ठरली. आमच्याकडील सनातनी मंडळी त्यावर रागावली. त्यांच्या मते तुकोबांस पायरी करून त्यांच्यावर पाय देण्यात आला. आणि समन्वयवादी मंडळींनी त्याचा अर्थ असा केला की तुकाराम व ख्रिस्त यांत भेदच नाही. तिघांनीही उपमेकडे नीट पाहिले नाही असे माझे मत आहे.

नाशिककरांस पुलाविषयी निराळे सांगावयास नको. श्रावण-भाद्रपदात गोदावरीस पूर आला म्हणजे पाणी दुतोंड्या मारुतीच्या कोणत्या अंगास लागले यावरून आम्ही त्याची मोजदाद करतो, आणि पाणी तेथवर चढले म्हणजे पंचवटी व गाव यांतील नदी किती मोठी आहे हे सर्वांस कळते. पूल आहे याचा अर्थ नदी नाही असा होत नाही. नदी आहे म्हणूनच पूल. टिळकांनी सेतू हा शब्द योजला तेव्हा दोन तीर निराळे आहेत हे त्यांनी गृहीत धरले होते, आणि त्यांतील एक सोडताना काय सुटते हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक होते? विद्यार्थिनीच्या पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथेच आहे. सर्व धर्म एक आहेत असे टिळक कधी समजले नाहीत. समजले असते तर त्यांस कोठे जावयाचेच नव्हते.

मग तुकोबांनी त्यांस नेले म्हणजे काय केले? याचे उत्तर टिळकांच्या गद्यात शोधण्यापेक्षा त्यांच्या अभंगांत शोधावे. त्यांच्यापूर्वी मराठी ख्रिस्ती मंडळींत जी गीते गायिली जात, त्यांतील पुष्कळशी इंग्रजी गीतांची भाषांतरे असून ती विलायती चालींवर बसविलेली असत. मराठी शब्दांचे हातपाय त्या चालींत कोंबताना त्यांची जी दशा होई ती जुनी गीतपुस्तके चाळणाऱ्यास दिसेल. कृष्णाजी रत्नाजी सांगळे यांच्यासारख्यांनी देशी चालींत रचना केली होती, त्यांचा मान त्यांस दिलाच पाहिजे. परंतु देशी चाल घेणे वेगळे आणि अभंग घेणे वेगळे. अभंग हे कीर्तनाचे व टाळकऱ्यांचे वृत्त आहे. त्याचे चरण आखूड, यमक जवळजवळ, आणि ध्रुपद सर्वांनी मिळून म्हणावयाचे. अक्षरशून्य माणसाला एकदा ऐकून जे झेपत नाही ते अभंगात राहत नाही. त्रैक्याचा सिद्धांत अथवा प्रायश्चित्ताचे धर्मशास्त्र त्या चार चरणांत मांडू गेल्यास वृत्त मोडते. अभंग देवाविषयी फारसे सांगतच नाही. तो देवाला हाक मारतो. टिळकांनी अभंग स्वीकारला तेव्हा ख्रिस्ती धर्मातील काय गावयाचे आणि काय धर्मपंडितांसाठी ठेवावयाचे याची निवड बव्हंशी छंदानेच करून टाकली.

या निवडीतून जे हाती आले त्याचे एकच उदाहरण घेतो. टिळक ख्रिस्ताला गुरू म्हणतात, आणि त्याच श्वासात आई म्हणून आळवितात. विलायतेत शिकलेल्या पाद्र्याला हे संबोधन विचित्र वाटावे हे साहजिक आहे. त्याच्या उपासनेत देव पिता असून ख्रिस्त पुत्र आहे, माता कोणी नाही. परंतु मराठी कानाला यात नवल ते काय? ज्ञानेश्वर आमची माउली, विठ्ठल ही विठाई, आणि गुरू तर आईहून निराळा कधी नव्हताच. टिळकांनी ही हाक वारकऱ्यांपासून घेतली. येथवर कोणीही म्हणेल. माझ्या मते खरी गोष्ट याच्या पुढची आहे. ही हाक कानात घेऊन शुभवर्तमान वाचावयास बसले म्हणजे तेथे एक वचन ठळक दिसू लागते: यरुशलेमेकडे पाहून ख्रिस्त म्हणतो की कोंबडी आपली पिले पंखांखाली घेते तसे तुझ्या लेकरांना मी एकत्र करावयास पाहत होतो. चौदाव्या शतकात इंग्लंडातील नॉर्विच गावी ज्युलियन नावाची एक एकांतवासिनी होऊन गेली. तिने ख्रिस्तास स्पष्टपणे आई म्हटले आहे. टिळकांनी तिचे लेखन पाहिलेले असो वा नसो, ही गोष्ट ख्रिस्ती परंपरेच्याच एका कोपऱ्यात पडून होती. तुकोबांच्या भाषेने ती उजेडात आणली.

दोन धर्मांत समान असे मार्गदर्शन जर कोठे सापडत असेल तर ते असे सापडते, असे मला वाटते. दोघांत आधीपासून सारखे असलेले वाक्य काढून दाखविल्याने नवे काहीच कळत नाही. एकाची भाषा घेऊन दुसऱ्याच्या घरात शिरले म्हणजे त्या घरातील माणसांनीही न पाहिलेले कोनाडे दिसू लागतात.

टीकाकाराने येथेच थांबणे मात्र प्रामाणिकपणाचे होणार नाही. सेतूवरून सर्व काही पलीकडे गेले नाही. तुकोबांच्या गाथेत विठ्ठलाशी भांडण आहे. दुष्काळ, दिवाळे, घरातील मृत्यू यांनी पोळलेला हा वाणी देवाला वाटेल तसे बोलतो, त्याच्यावर फिर्याद करतो, त्याचे देवपण काढून घेण्याची धमकी देतो. टिळकांच्या अभंगांत आर्तता आहे, लीनता आहे, कृतज्ञता तर ओसंडून जाते. भांडण फार क्वचित आढळते. ख्रिस्ती परंपरेत त्याला जागा नव्हती असेही नाही. ईयोबाचे पुस्तक सबंध भांडणाचेच आहे, आणि स्तोत्रसंहितेत देवाने तोंड का लपविले म्हणून आक्रोश करणारी स्तोत्रे थोडी नाहीत. म्हणजे तुकोबांचा हा स्वर पलीकडील तीरावर ओळखीचा निघाला असता. टिळकांनी तो का नेला नाही? नव्या घरात आलेल्या माणसाकडे दोन्ही तीरांवरील डोळे लागलेले असतात. सोडलेली मंडळी तो पस्तावतो काय हे पाहतात, आणि नवी मंडळी तो सुखी आहे काय हे पाहतात. अशा माणसाला देवाशी उघड भांडण परवडत नसावे. कारण काहीही असो, यामुळे 'अभंगांजली'तील कित्येक अभंग गोड वाटतात पण खोल जात नाहीत, असे म्हणावे लागते.

टिळकांच्या मार्गाचे वैशिष्ट्य कळण्यास त्यांच्या मागेपुढे पाहावे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस गोव्यात आलेल्या फादर स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने 'ख्रिस्तपुराण' रचले व ते १६१६ साली रायतूर येथे छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ मराठीचे भूषण आहे यात शंका नाही. परंतु फादर स्टीफन्सने आपल्या पुराणपरंपरेकडून वाहन घेतले, वाट घेतली नाही. जेथे जावयाचे ते आधीच ठरलेले होते, आणि ज्या सासष्टीत तो हे लिहीत होता तेथील देवळे पाडली गेली होती, हे विसरून त्या ओव्यांचा गोडवा गाता येत नाही. याच्या उलट श्रीगोंद्याचे शेख महंमद. 'योगसंग्राम' लिहिणारा हा सतराव्या शतकातील सत्पुरुष स्वतःस अविंध म्हणवीत राहिला, आणि तरीही वारकऱ्यांच्या भाषेत बोलला. सेतू असला म्हणजे तो ओलांडलाच पाहिजे असे नाही, हे त्यांच्यावरून दिसते. त्यांच्याविषयी स्वतंत्र लेखच लिहावयास हवा.

आणि टिळकांच्या पुढे विनोबा. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवर प्रवचने दिली व साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे सर्वश्रुत आहे. पुढे त्यांनी कुराणाचे सार काढले, ख्रिस्तधर्माचे सार काढले, धम्मपदाची नवी रचना केली. कुराण मुळातून वाचता यावे म्हणून ते अरबी शिकले. या तपश्चर्येपुढे मस्तक नमविल्यावाचून राहवत नाही. तरीही साराविषयी माझी शंका कायम आहे. ज्याने सार काढले त्याने सबंध ग्रंथ पचविलेला असतो. ज्याच्या हाती ते पडते त्याला त्यातील ओळखीचे तेवढेच भेटते, कारण अनोळखी भाग गाळला गेलेला असतो. विनोबा स्वतः सेतूवरून चालले. त्यांच्या पुस्तकाच्या वाचकाला मात्र नदी पाहावी लागत नाही.

नदी पाहावी लागली ती लक्ष्मीबाईंना. विद्यार्थिनीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे मी मुद्दामच उशिरा आलो, कारण त्याच्यापुढे वरील सर्व विवेचन जरा फिके पडते. नवऱ्याने बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाई सत्तावीस वर्षांच्याही नव्हत्या. पदरी लहान मुलगा. पुढील चार-पाच वर्षे त्या नातलगांच्या आधाराने राहिल्या, त्यांतील काही काळ पंढरपुरास. म्हणजे नवरा तुकोबांच्या सेतूवरून ज्या देवापासून दूर गेला त्याच्याच दारी. त्या ज्या घरात वाढल्या होत्या तेथे वडिलांचे सोवळे वेडाच्या थरास गेलेले होते. अशा बाईला धर्मांतर म्हणजे मताचा बदल वाटणे शक्यच नव्हते. तो चुलीचा, पाण्याचा, पंक्तीचा प्रश्न होता. नवऱ्याकडे परत आल्यावरही त्यांनी आपले सोवळे व आपला स्वयंपाक वेगळा ठेविला. पुढे जातिभेद देवाने केलेला नाही असे त्यांच्या मनाने घेतले, आणि मग दुसऱ्याच्या हातचे पाणी घेण्यापासून एकेक बंधन सुटत गेले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

यात तुकाराम कोठे आहे? अभंगाच्या रूपाने फारसा नाही. डोंगरावरील प्रवचनही नाही. घागरीतले पाणी आहे. आणि असे असूनही, किंबहुना असे असल्यामुळेच, 'स्मृतिचित्रे' हे या विषयावरील मराठीतील सर्वात विश्वसनीय पुस्तक आहे, असे मी म्हणेन. कारण प्रत्येक पावलाची काय किंमत पडली ती त्यात नोंदलेली आहे. शिवाय सोडलेल्या तीरावरील एकाही माणसाची त्यात निंदा नाही. सोवळ्याने घर हैराण करणारे वडील आपल्याला हसवितात, आणि हसता हसता त्यांची कीव येते. धर्म बदललेल्या माणसाने मागच्या घराविषयी इतक्या मायेने लिहिलेले मी दुसऱ्या कोणत्याही भाषेत फारसे वाचलेले नाही. न्यूमन या इंग्रज धर्मवेत्त्याने रोमन पंथ स्वीकारल्यावर १८६४ साली आपले प्रख्यात समर्थन लिहिले. त्याची बुद्धी तीक्ष्ण, शैली निर्दोष. पण त्यात स्वयंपाकघर नाही.

टिळकांनाही अखेरच्या काळात सेतूवरून पुढे जाण्यापेक्षा सेतूवरच वस्ती करावी असे वाटू लागले होते काय? १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तानुयायी तेथे यावेत अशी कल्पना होती. मिशनमधील कित्येकांस ती रुचली नाही, आणि जुन्या मंडळींस तिच्यावर विश्वास ठेवण्याचे कारण नव्हते. दोन वर्षांच्या आत, ९ मे १९१९ रोजी, टिळक वारले व दरबार संस्था म्हणून मूळ धरू शकला नाही. त्यांचे अभंग आजही मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत टाळमृदंगावर गायिले जातात. आषाढीच्या वाटेवर एखाद्या दिंडीने त्यांतील एक तरी गायिला असल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ज्या सेतूवरून तुकोबा पलीकडे गेले त्यावरून टिळक अलीकडे आले नाहीत. यात दोष कोणाचा, याची चर्चा करण्यास मी तयार आहे, पण ती करताना आम्हा बहुसंख्यांस आरशासमोर उभे राहावे लागेल.

'ख्रिस्तायन' टिळकांच्या हातून दहा-अकरा अध्यायांच्या पुढे गेले नाही. ते पुढे लक्ष्मीबाईंनी हाती घेतले. ज्या बाईला शाळा ठाऊक नव्हती, जिला अक्षरओळख लग्नानंतर झाली, आणि जिने या ख्रिस्तापायी आपला संसार मोडलेला पाहिला, तिने त्याच्या चरित्राचे साठांहून अधिक अध्याय रचले. काव्य या दृष्टीने ते सारखे उतरलेले नाहीत. मधले कित्येक अध्याय केवळ कथा पुढे नेतात. पण मधूनच एखाद्या ठिकाणी घरातल्या बाईचे बोलणे कानी येते, आणि पालेस्ताईन जलालपुराजवळ आल्यासारखे वाटते. १९३६ साली त्या निवर्तल्या तेव्हा ग्रंथ पुरा व्हावयाचा थोडका राहिला होता. शेवट त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी केला.

हे सर्व त्या विद्यार्थिनीस सांगावे म्हणून सुट्टी संपल्यावर मी टिपणे घेऊन वर्गात गेलो. ती माझ्याआधीच उभी राहिली आणि 'ख्रिस्तायन' ग्रंथालयात मिळत नाही, आपली प्रत देता का, असे तिने विचारले. मी दिली. दोन सत्रे झाली. प्रत अद्याप परत आलेली नाही.